हरेश्वरची पाती

२००३ साली वालीवच्या एका गाळ्यात बिनमाणसाची हेलिकॉप्टरं बनायची. तीन मॉडेलं. छोटं फोटो काढायला, मधलं पिकावर औषध फवारायला आणि मोठं ओझं उचलायला. कंपनीच्या जाहिरातीच्या पत्रकावर तिन्हींचे रंगीत फोटो, शेजारी टाय लावलेले चार इंजिनिअर. ज्याच्या लाकडी पात्यांवर ही यंत्रं हवेत जायची, तो कामणचा हरेश्वर सुतार त्यात कुठेच नव्हता. हात मळलेला माणूस आला की कागद खराब होतो ना!

हरेश्वरचा बाप खाडीच्या होड्यांची वल्ही करायचा. तोच हात पोराकडे आला. पण वल्हं पाण्याला धरतं. हे पातं हवेला कसं धरतं, हे त्याला कळत नव्हतं. विचारलं की उत्तर यायचं, "काका, तुम्ही जोडी द्या. बाकी आमचं आम्ही बघतो." बावीस जोड्या दिल्या, एकही परत आली नाही, पण उडताना एकही बघायला मिळाली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला. मोठं मॉडेल सुरू केलं की थडथडतंय, जमीन सोडत नाही, आणि उद्या गिऱ्हाईक येणार.

"तेविसावी जोडी फसली, काका," हरेश्वर गाळ्यात पोचताच जितेंद्र इंजिनिअर म्हणाला. "आता दुसरा सुतार बघावा लागेल."

हरेश्वरच्या कानाची पाळी तापली. "आधी पाती उतरवा. मंग सुतार बदला."

दोन्ही पाती मुळाशी बोल्टने जोडून त्यानं मधोमध सुतळीवर टांगली. एक बाजू खाली गेली.

"बघा!" जितेंद्र म्हणाला.

खाली गेलेल्या पात्यावरून हरेश्वरनं बोटं फिरवत नेली. टोकाला बोट चिकटलं, लाल झालं.

"ह्ये कुनी केलं?"

ऑफिसातल्या लतिका मॅडम पुढे आल्या. "मीच. काल पूजेला स्वस्तिक काढलं. मोठं मॉडेल आपलं लाडकं, म्हणून शेंदूर तेलात कालवून चांगला जाड लावला."

"एकाच पात्याला?"

"देवाला दोनदा कशाला सांगायचं?"

जितेंद्रनं फडकं उचललं, पात्याजवळ नेलं आणि तसंच मागे घेतलं. चार वर्षं कॉलेज शिकलेला गडी, पण कालचा शेंदूर पुसायची हिंमत होईना.

"पुसू नका," हरेश्वर म्हणाला. "दुसऱ्याच्या टोकाला पन तेवढाच काढा. मी सांगतो कधी थांबायचं."

लतिकाबाई शेंदूर लावत गेल्या, हरेश्वर झुकती बाजू बघत राहिला. "अजून... जरासा... बास!" पाती आडवी, सरळ राहिली.

पाती पुन्हा चढली. गवत आडवं झालं, धूळ उठली आणि मोठं धूड न थरथरता डोक्याएवढं वर गेलं. हरेश्वर डोळे बारीक करून बघत होता. वर नुसतं धुरकट लाल कडं.

"माझी पाती कुठं गेली, ओ?"

"फिरतायत. नीट असली की दिसत नाहीत." जितेंद्रनं यंत्र खाली उतरवलं. रिमोट बाजूला ठेवत म्हणाला, "चुकलं माझं, काका. चोविसावी जोडी कधी देता?"

"ते मागनं सांगतो," हरेश्वर म्हणाला. "आधी ते मधलं उडवा. फवारा मारताना पातं काय करतं, ते बघायचंय मला."