पुरं नाव

नाव विचारल्यावर समोरचा माणूस नुसतं "दत्ता" म्हणाला की त्यांचं मधलं बोट टाइपरायटरच्या वर अधांतरी थांबायचं. "दत्ता हाक मारायला झालं. कागदाला पुरं नाव लागतं." मग तो माणूस गोंधळून वडिलांचं नाव सांगे, आडनाव सांगे, गाव सांगे, आपण कोण आहोत हे पहिल्यांदाच आठवल्यासारखा चेहरा करी, आणि त्यानंतरच ते बोट खाली पडे.

भोरच्या कचेरीसमोर पत्र्याचं टेबल टाकून या गृहस्थांनी जवळजवळ तीस वर्षं लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

मी गावातल्याच हायस्कुलात मराठी शिकवत होतो. शाळा सुटली की त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. कारण शुद्ध साहित्यिक होतं: तालुक्यात वाचण्यासारखं नवं गद्य तेवढ्याच टेबलावर तयार होत होतं.

त्यातला चाचांचा खास प्रांत म्हणजे 'एकच व्यक्ती'. शिधापत्रिकेवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, अशी माणसं आपल्याकडे किती आहेत हे तुम्हांला ठाऊकच आहे. सरकारला ती तीन माणसं वाटतात. चाचा लिहून देत की एकच आहे. एकदा आंबवड्याची एक म्हातारी आली. माहेरची सोनाबाई. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लक्ष्मी लिहिलं. शिधापत्रिका लिहिणाऱ्याने घाईत लक्षुंबाई केलं. चाचांनी तिला विचारलं, यातल्या कुठल्या नावाने हाक मारली की वळून बघता?

"हाक कोन मारतंय," ती म्हणाली. "अगं म्हनत्यात."

चाचांनी टाइप केलं: 'वरील तिन्ही नावांची स्त्री एकच असून ती मीच आहे.' म्हातारीने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा उमटवून, पदर सारखा करून, आल्यापेक्षा जरा ताठ चालत गेली. मी वर्गात वर्षानुवर्षं आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवला. इतकं आटोपशीर आत्मचरित्र माझ्या वाचनात दुसरं नाही.

चाचांना एकच मुलगा, शमशुद्दीन. माझा विद्यार्थी. निबंधात यथातथा, गणितात हुशार, म्हणून पुण्याला गेला आणि कॉम्प्युटरच्या नोकरीत रुजला. त्याचं नाव चाचा कुणालाही पुरंच सांगत. शमशुद्दीन, मग स्वतःचं नाव, मग आडनाव; आणि मधलं स्वतःचं नाव उच्चारताना आवाज किंचित चढे. आपलं नाव दुसऱ्या एका माणसाच्या नावात मधोमध बसतं, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटायची. इतर बाबतीत ते समजूतदार होते.

पण दोन्ही ईदांना येणारा मुलगा एकीलाच येऊ लागला. मग तीही कधी फोनवर. पोरगा आपल्याला धरून आहे की सुटला, एवढंच चाचांना जाणून घ्यायचं होतं. तोंडाने विचारायचं मात्र नव्हतं. त्यांचं म्हणणं, अशा गोष्टी कागदावर आपोआप दिसतात.

तोवर कागदच उठला. टाइपरायटरकडे येणारी माणसं कमी झाली आणि स्टँडसमोर नेटकॅफे निघाला. तो काढला होता एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरने. जन्मभराची सवय जाते कुठे? अर्धा तास भरला की तो खुर्चीमागे येऊन उभा राही आणि म्हणे, "चला, उतरा." मध्येच स्क्रीन बंद पडला तर त्यावरच्या माणसांना दुसऱ्या मशीनवर बसवून देई. चाचांना त्याने दाराजवळची एक खुर्ची कायमची दिली, कारण मराठी टाइपिंग त्या खोलीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

मग नेटवर, मित्र जोडायच्या एका साइटवर, स्वतःचं पान काढायची साथ आली. दोन-तीन वर्षांत तालुक्यात असा तरुण उरला नाही, ज्याला आपण कोण हे जगाला कळवणं निकडीचं वाटत नव्हतं. किकवीची मुलं हायवेवर उभ्या असलेल्या परक्या गाड्यांना टेकून फोटो काढत. मोबाईल हातभर लांब धरून, गाल आत ओढून, आपण कुणाकडेच बघत नाही असं दाखवत ती थेट स्वतःकडे बघत. माझ्या एका वर्गातली सहा मुलं नेटवर नट होती, दोन वाघ होती आणि एक गुलाबाचं फूल होतं. फूल सध्या दुधाचा टेम्पो चालवतं.

फोटो चिकटवला की पुढे 'माझ्याविषयी' असा रिकामा चौकोन येई आणि तिथे पोरांची दातखीळ बसे. मग ती चाचांकडे येत. चाचांना स्वतःविषयी लिहिण्याची एकच रीत माहीत होती. वरवे बुद्रुकच्या एका तरुणाच्या पानावर मी स्वतः वाचलं: 'मी खाली सही करणार, वय वर्षे तेवीस, धंदा नोकरी, राहणार वरवे बुद्रुक, तालुका भोर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मला क्रिकेट, चित्रपट व मैत्री यांची आवड असून त्यास घरच्यांची हरकत नाही.' नागपूरच्या एका मुलीने त्याला विचारलं म्हणे, की तुमच्यावर केस चालू आहे का.

चाचांची स्वतःची तक्रार निराळी होती. त्या साइटवर नावासाठी दोनच चौकोन होते. एक नावाचा, एक आडनावाचा.

"बापाला रकानाच न्हाई, सर," ते मला म्हणाले. "हे कुनी बनवलंय, त्यांना वडील नसत्यात का?"

मी सांगितलं की त्यांच्याकडे मधलं नाव वडिलांचं नसतं. त्यांना ते पटलं नाही. ते वडिलांचं नाव पहिल्याच चौकोनात कोंबून बसवत. त्यामुळे भोर तालुक्यातली त्या काळातली पानं लगेच ओळखू येत. जगात कुणाचंही पहिलं नाव इतकं लांब नव्हतं.

एक दिवस त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, शमशुद्दीनचंही असं पान असेल का. त्यांचा चेहरा सहज नव्हता. मी शोधायला बसलो. पुऱ्या नावाने काही सापडलं नाही, अर्ध्या नावानेही नाही. शेवटी त्याच्याबरोबर शिकलेल्या एकाच्या मित्रयादीत चेहरा दिसला. काळा चष्मा, मागे कुठलीतरी काचेची इमारत. खाली नाव: सॅम पुणेकर. भोरहून पुण्याला एस.टी.ने जायला दीड-दोन तास लागतात. आडनाव त्याहून लवकर पोचलं होतं.

मी म्हणालो, दुसराच कुणी असेल. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"कान आमचा हाय," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा कान चाचपून पाहिला.

मग त्यांनी सगळं पान खालपर्यंत वाचलं. गाव: पुणे. शाळा: काही नाही. धर्म: काही नाही. घरचे: काही नाही. मला वाटलं होतं नावाचं दुःख होईल. बोलले ते वेगळंच. "रकाना मोकळा सोडू नये, सर. काही नसंल तर निरंक लिहावं. मोकळ्या रकान्यात उद्या कुनीबी काहीबी भरतं." निरंक म्हणजे काही नाही, हे सरकारी माणसाला सांगावं लागत नाही. पण काही नाही हेसुद्धा माणसाने स्वतःच्या हाताने लिहावं, असं मानणारा मी तो एकच पाहिला.

कंडक्टर मागे येऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याने उतरायला सांगितलं नाही.

बकरी ईदला मुलगा आला. दुसऱ्या दिवशी वडिलांना जेवायला बोलवायला कॅफेत आला, तेव्हा मी तिथेच होतो. मला उठून जायला हवं होतं. मी पुस्तकं वाचून वाढलेला माणूस. असं काही घडणार असलं की पाय जड होतात.

चाचांनी त्याच्याकडे वर पाहिलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "नाव काय तुमचं? पुरं सांगा."

शमशुद्दीनने आधी माझ्याकडे पाहिलं. चुगली कुणी केली हे त्याला कळलं. मग तो स्टुलावर बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला.

"पुऱ्या नावाला खोली मिळत नाही, अब्बा. सतरा घरं बघितली. फोनवर या म्हणतात. नाव सांगितलं की त्यांच्याकडे गावाहून पाहुणे येणार असतात." तो जरासा हसला. "पुण्यात एवढे पाहुणे येतात हे मला माहीतच नव्हतं. सॅमला तिसऱ्या दिवशी खोली मिळाली."

"आन करारनामा कुनाच्या नावानं?" चाचांनी धंद्याचा प्रश्न विचारला.

करार मित्राच्या नावाने होता. घरमालकाचा मुलगा त्या साइटवर सॅमच्या यादीत होता. रोज पान बघायचा. म्हणून पान तसं होतं. चाचांनी टेबलाचा खण उघडून एक कोरा स्टँप पेपर काढला. म्हणाले, एक प्रतिज्ञापत्र करून देतो. सॅम पुणेकर आणि शमशुद्दीन, दोन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत.

"तेच तर कळू द्यायचं नाही, अब्बा."

तीस वर्षं तालुक्याला त्यांनी जो कागद करून दिला, तो त्यांच्याच पोराच्या कामाचा नव्हता. चाचांनी कागद परत खणात ठेवला. दोघं जेवायला गेले. जाताना मुलाने वडिलांची पिशवी हातात घेतली होती, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या वेळी मी त्याला मनातल्या मनात बरीच नावं ठेवली होती. शहरात जाऊन बापाला विसरलेला मुलगा, असा एक विषय मी दरवर्षी निबंधाला देत असे. पुढच्या वर्षापासून दिला नाही.

महिन्याभराने चाचा मला म्हणाले, "सर, माझंबी पान काढायचंय. जरा बसा शेजारी, विंग्रजी सांगायला."

इतरांची शंभरेक पानं लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं पान नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आता मला कुतूहल होतं ते नावाचं. त्यांचं पुरं नाव भारदस्त आहे. ते पहिल्या चौकोनात कसं कोंबणार हे पाहायला मी पुढे सरकलो.

त्यांनी पहिल्या चौकोनात टाइप केलं: सॅमचे. दुसऱ्या चौकोनात: वडील.

दोन्ही चौकोन बरोबर भरले. काही कोंबावं लागलं नाही. त्यांच्या घरात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्या घरात अब्बा म्हणत. वडील हा शब्द त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांसाठी वापरला होता. आता तोच, कुणाला काही कळू नये म्हणून, स्वतःला लावला.

पुढचा प्रत्येक रकाना त्यांनी भरला. आवडी: निरंक. धर्म: निरंक. आवडते चित्रपट: निरंक. फोटोची जागा मात्र रिकामी सोडली, कारण फोटोत निरंक लिहिता येत नाही. मग सॅमला मैत्रीचा निरोप पाठवायचा होता. साइटने विचारलं, ही व्यक्ती तुमची कोण? मी पर्याय वाचून दाखवले: जिवलग मित्र, चांगला मित्र, मित्र, ओळखीचा, अजून भेट झालेली नाही. मी म्हणालो, काहीही टाका चाचा, कुणी बघत नाही.

"काहीही कसं टाकू," ते म्हणाले. "सॅमला मी कुठं भेटलोय?"

त्यांनी शेवटचा पर्याय निवडला.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस ते रोज येऊन पान उघडत आणि बंद करत. मी खोटीच आशा लावत होतो. नेट बंद असेल, काम असेल. माझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्ष नसे. बाराव्या दिवशी सॅमच्या यादीत, गॉगल आणि मोटरसायकलींच्या गर्दीत, एक बिनचेहऱ्याचा चौकोन दिसला. त्याच्याखाली घरमालकाच्या मुलाने सॅमला विचारलं होतं, हे कोण काका? सॅमने इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत उत्तर दिलं होतं: माझे वडील. भोरला असतात. कागदपत्रांचं काम करतात.

चाचांनी मला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. ऐकून म्हणाले, "असतात लिव्हलंय. असतो न्हाई." आणि त्या आदरार्थी बहुवचनाकडे, मी आजवर एकाही विद्यार्थ्याला पाहताना बघितलं नाही, अशा नजरेने ते पाहत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मुलगा आला, माती देऊन तीन दिवस राहिला, लोकांनी त्याला पुऱ्या नावाने हाका मारल्या आणि तो प्रत्येक हाकेला वळला. मग पुण्याला परत गेला. खोली सुटायला नको होती.

काही आठवड्यांनी मी कॅफेत जाऊन सॅमचं पान उघडलं. सॅमने काही बदललं नव्हतं. मी व्याकरणाचा शिक्षक. काळ चुकलेला दिसला की मला राहवत नाही. मी ती ओळ पुष्कळ वेळ वाचत बसलो. भोरला असतात, असंच लिहिलं होतं.