वगळलेलं आठवं रीळ

आठवं रीळ मी मुद्दाम वगळलं. ते तुटलेलं नव्हतं. पुढच्या रांगेतली पोरं पडद्यावर मारामारी हवी म्हणून शिट्ट्या मारत होती आणि मी त्यांचं ऐकलं.

सत्तरच्या दशकात मी आमच्या बेटावरच्या क्युरपिप शहरातल्या एका सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचो. रविवारी सकाळी चिनी चित्रपट लागत. त्यांतल्या एका नटीची सगळी कारकीर्द माझ्या हातांखालून गेली, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. आधी ती गाण्यांच्या चित्रपटांत पुरुष व्हायची: लांब झगा, हातात पंखा, आणि चाल अशी की आमच्या गावचे पुरुष बावळट वाटावेत. मग तलवारींचा काळ आला, तर तिने तलवार घेतली. पस्तिशीत तिला आईच्या भूमिका मिळू लागल्या. त्याही तिने ताठ मानेने केल्या.

पडद्याबाहेरची ती मला आमच्या गावात, कांप दे मास्कमध्ये, दुकान चालवणाऱ्या चिनी बाईंनी सांगितली. त्यांना सगळे मादाम म्हणत. तांदूळ बांधता बांधता त्या बेटावरच्या क्रेओल बोलीत सांगायच्या: चौदाव्या वर्षी आजारी नटाच्या जागी उभी राहून ती गायली; पुढे नवऱ्याने काम सोड म्हटलं, तर तिने नवराच सोडला. एवढं सांगून मादाम आपल्या नवऱ्याकडे बघून हसत.

तिचा शेवटचा चित्रपट बोटीने आमच्याकडे एकाच खेळासाठी आला. त्यात ती पुष्कळ वर्षांनी गाणार, हे मासिकात वाचून मादाम दुकान बंद ठेवून आल्या होत्या. ते गाणं आठव्या रिळात होतं. आदल्या दिवशी फिल्म तपासताना मी ते पुरतं ऐकलं होतं.

खेळानंतर त्यांनी विचारलं, "गाणं कुठे गेलं?"

"ते रीळच आलं नाही, मादाम."

"मग बोटीवरचे उंदीर मोठे रसिक म्हणायचे," असं म्हणून त्या छत्री उघडून बसकडे गेल्या.

फिल्म परत गेली, पुन्हा आली नाही. ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हिडिओ आले, सिनेमागृह बंद पडलं, मी प्लेन मान्येनला विमानतळावर नोकरीला लागलो. मादामच्या दुकानात जाणं चालूच होतं, बोलणं मात्र टाळत होतो.

एक दिवस बायको दुकानातून आली आणि सहज म्हणाली, मादाम म्हणतात, त्या नटीचा आवाज गेला होता, म्हणून चित्रपट कंपनीनेच गाणं कापलं असणार.

मी तसाच उठून गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच बोललो.

"मादाम, तिचा आवाज शाबूत होता. मी स्वतः ऐकलाय. रीळ आलं होतं, ते मीच लावलं नाही, आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."