मूळचे कोण?

मला पाहायला पाथर्डीकडचे लोक येणार होते, तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती आणि साखर मिळेनाशी झाली होती. आईने गुळाचा चहा आदल्या दिवशीच करून पाहिला. दादा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या मिशनच्या शाळेत मास्तर होते.

मी त्यांच्या पोटची नव्हते. नगरच्या अनाथाश्रमातून त्यांनी मला आणलं, तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. घरात हे कधी कुणी लपवलं नाही. पण सोयरीक जुळवताना आमच्या ख्रिस्ती लोकांतही एक प्रश्न निघायचाच: मूळचे कोण? बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या, तरी पणजोबांची जात कुणी विसरत नसे. दादांना स्वतःची सांगता आली असती. माझी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि तेवढ्यावरून आधीचं एक स्थळ मोडलं होतं. या वेळी आई म्हणाली, आपलीच सांगून टाका. दादांनी ऐकावं, असं मलाही वाटत होतं.

मुलगा, त्याची आई आणि चुलते बैलगाडीने आले. मी चहा दिला. चुलत्यांनी शाळेची, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि मग तो प्रश्न विचारलाच.

दादा शांतपणे म्हणाले, "ही आमची मुलगी. आश्रमातून आणलेली. तिचे आईबाप कोण, ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही."

चुलत्यांनी चहा खाली ठेवला. मास्तर, तुम्ही माणसं भली आहात, पण रक्ताचं काहीतरी पाहावं लागतं, असं ते म्हणू लागले. दादांनी त्यांना पुरतं बोलू दिलं.

मग म्हणाले, "दर रविवारी आपण देवाला बाप म्हणतो. त्याचा स्वतःचा मुलगा एकच. तुम्ही, मी, सगळे त्याने दत्तक घेतलेले. आपल्याला घेताना त्याने विचारलं नाही, मग हिला आपण का विचारायचं?"

मुलाच्या आईने पदर सारखा केला.

"भावजी, आता पुरं," ती म्हणाली. "मास्तर, मीबी आश्रमातलीच हाय. मोठ्या दुष्काळात मला कुनीतरी तिथं सोडलं. मामंजींनी लग्नात कायतरी जात सांगितली, मी जल्मभर तीच सांगत आले. आता न्हाई सांगायची."

मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो आईकडे बघत राहिला, मग उठून तिच्या जवळ जाऊन बसला. चुलत्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. चहा निवला होता, तरी ते पीत राहिले.

"बस गं बाई," ती मला म्हणाली. "किती येळ उभी ऱ्हाशील?"

मी तिच्यासमोर बसले.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली आणि आई ओट्यावर मटकन बसून हसायलाच लागली. दादा म्हणाले, भूक लागली. सकाळपासून त्यांच्याही घशाखाली घास उतरला नव्हता, हे आम्हाला तेव्हा समजलं. आम्ही तिघं भाकरी आणि पिठलं खायला बसलो. त्या दिवशी मी दोनदा पिठलं मागून घेतलं.

सोयरीक तिथेच झाली. सासरी बायका मला माझं मूळ खोदून विचारायच्या. सासूबाई मला उत्तर देऊच देत नसत. "मास्तरांची लेक हाय," एवढंच सांगायच्या आणि कामाला लागायच्या.