राबातली सुपाएवढी जागा

मला राग पटकन येतो, आणि ज्याच्यावर यायला नको नेमका त्याच्यावर येतो. २०१८ च्या जूनमध्ये सायवनजवळच्या एका पाड्यावर तो ज्या बाईवर निघाला, तिची ही गोष्ट.

मी तेव्हा डहाणूला कॉलेजात शिकवत होते. चाळिशी गाठता गाठता पीएच.डी.चं खूळ डोक्यात शिरलं होतं. विषय होता उष्णताप्रेमी जिवाणू. ज्या पाण्यात आपण बोट घातलं तर आई गं म्हणून ओरडू, त्यात हे सुखानं नांदतात. ते फक्त गरम पाण्याच्या कुंडातच सापडतात असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण कुंडांवर माझ्याआधी ढीगभर लोकांनी काम केलेलं. मी चिंतेत होते, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमचा उकिरडा थंडीत वाफा सोडतो. सकाळी कोंबड्या शेकायला त्यावर जाऊन बसतात."

पुढच्याच रविवारी स्कूटी काढली आणि तिच्या पाड्यावर गेले. तिच्या आईनं 'मला मावशी म्हण' असं सांगितलं आणि मला ती 'बाय' म्हणायला लागली. शेण, भाताचा पेंढा, नागलीचा भुसा, चुलीतली राख, सगळं वर्षभर त्या ढिगात पडायचं. मी लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसला. चौसष्ट अंश! मी आनंदानं किंचाळले, तशा कोंबड्या उडाल्या.

"काय झाला गो बाय?" मावशी धावत आली.

मी तिला सांगितलं, की या ढिगात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते पेंढा खातात, त्यांच्या खाण्यानं ढीग तापतो आणि तापलेल्या ढिगातच त्यातल्या काहींना बरं वाटतं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आन् ढीग थंड झाला की? मरतात?"

"नाही मावशी, झोपतात. अंगाभोवती कवच करून घेतात. त्या कवचाला ऊन, पाणी, वणवा, काही लागत नाही. पुन्हा ऊब मिळेपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघतात."

"मंग आमच्या म्हाताऱ्यासारखे," असं म्हणून तिनं ओटीवर घोरणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

त्या ढिगातून एक जिवाणू मी वेगळा काढला. काढला म्हणजे काय, दोन वर्षं घासली. मग त्याचा जीनोम वाचून घेतला. पस्तीस लाखांच्या आसपास अक्षरं, एका पेन ड्राइव्हवर मावलेली. मी ती कुंडांतल्या, खोल विहिरींतल्या नातेवाइकांच्या जीनोमशी लावून पाहत बसायचे. उष्णतेत राहणारे हे लोक ओझं कमी बाळगतात. जे लागत नाही ते पिढ्यानपिढ्या टाकत जातात, त्यामुळे त्यांचे जीनोम आटोपशीर असतात. पण माझ्या जिवाणूकडे काही जनुकं जास्तीची निघाली, पेंढा फोडायची. ती पूर्वजांकडून आलेली नव्हती. ढिगातल्याच दुसऱ्या कुठल्या तरी जिवाणूकडून उचललेली होती. शेजारणीकडून विरजण आणावं तशी! कुंडातला भाऊबंद पाड्यावर येऊन पेंढा खायला शिकला होता. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

माझे मार्गदर्शक मात्र कोरडे गृहस्थ. म्हणाले, "जनुकं कागदावर आहेत. जिवाणू खरंच पेंढा फोडतो का, ते जिवंत करून दाखवा. नाहीतर प्रबंध अर्धा." मुदतीचं शेवटचं वर्ष चालू होतं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. माझ्याकडे होत्या त्या चार नळ्या मी मे महिन्याच्या सुट्टीत फ्रीजमध्ये ठेवून गेले. प्रयोगशाळेत जे ते फ्रीजमध्येच जातं. नीट गोठवून वेगळा साठा करायचं वर्षभर उद्या उद्या करत राहिले होते. सुट्टीहून आले तर चारही नळ्या मेलेल्या. नळीत आयतं खाणं मिळत असल्यानं त्यानं कवच केलंच नव्हतं; आयुष्यभर साठ अंशांत जगलेल्याला मी कवचाशिवाय चार अंशांत ठेवून मारलं होतं. पुस्तकात लिहिलेलं, वर्गात शिकवलेलं, सगळं माहीत असून. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

एकच आशा होती, मावशीचा उकिरडा. दुसऱ्या दिवशी जून महिन्याच्या भर उकाड्यात पाड्यावर पोचले. उकिरडा नव्हता. त्या जागी नुसता काळा गोल डाग आणि त्यात एक कोंबडी उकरत बसलेली.

"ढीग कुठाय?" मी ओरडलेच.

"राबात गेला," मावशी म्हणाली. राब म्हणजे भाताचं रोप जिथे उगवायचं तो जमिनीचा तुकडा. उन्हाळ्यात त्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पातेरा, पेंढा यांचे थर लावतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. दर वर्षी होतं ते यंदाही झालं होतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"जाळलात? सगळा? मी सांगितलं नव्हतं का, तो ढीग माझ्या कामाचा आहे म्हणून? माझ्याकडचे सगळे फ्रीजमध्ये मेले, चार वर्षं गेली माझी! तुम्हाला काय त्याचं!" मी काय काय बोलले, आता आठवलं तरी कानशिलं तापतात. ढीग तिचा, शेण तिच्या बैलांचं, आणि थोडा ठेवा असं मी त्या वर्षी तिला सांगितलेलंही नव्हतं. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मी तिथेच ओटीच्या कडेवर बसले.

मावशीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. मला पोटभर पिऊ दिलं. मग म्हणाली, "बाय, तूच बोलली व्हतीस ना, त्यांना कवच असता? वणवाबी लागत नाय?"

मॅडम मी, आणि धडा तिच्या लक्षात!

"पण राबात तर पेरलंय तुम्ही," मी म्हटलं. पावसाच्या आधीच धुळीत भात पेरून झालं होतं.

"पेरलाय. तो काय पळून जातो?" तिनं खुरपी घेतली. कडेची माती काढा असं मी म्हणत होते, पण ती थेट राबाच्या मध्ये गेली. तिथे जाळ जास्त लागतो, म्हणजे ढीगही तिथेच जास्त पडला होता, असं तिचं म्हणणं. सुपाएवढी जागा, चार बोटं खोल, बियाण्यासकट तिनं खणून माझ्या पिशवीत घातली. मी पिशवी उराशी धरून निघाले. माफी मागायची राहूनच गेली.

प्रयोगशाळेत ती माती पाण्यात कालवून बशीत पसरली आणि पासष्ट अंशांत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या बशीत ओळखीचे ठिपके उगवले होते. तरी विश्वास बसेना, म्हणून त्यांची जनुकं तपासली. तोच होता. शेजारणीकडून आणलेल्या त्या जनुकांसकट, आगीतून गेलेला. मी पुन्हा रडले. या वेळी दार लावून.

त्यानं पेंढा फोडून दाखवला. २०१९ मध्ये मला पदवी मिळाली. जूनमध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन पाड्यावर गेले. माझी विद्यार्थिनी लग्न होऊन उधव्याला गेली होती, मावशी एकटीच राबाकडे होती. राब काळाभोर, पेरून झालेला. मधोमध चार काटक्या रोवलेल्या आणि त्यांना फाटक्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

"हे काय मावशी?"

"तुजी जागा. तिथं नाय पेरला."

"माझी?"

"परत लागली तर? तुजे जीव मरतात ना त्या थंड कपाटात."

माझ्याकडे आता नीट गोठवलेल्या वीस नळ्या होत्या. ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "मावशी, मागच्या वर्षी मी फार वाईट बोलले तुम्हाला. माझं चुकलं."

"रडत व्हतीस तू," ती म्हणाली. "तवाचा काय धरायचा?"

मी काटक्या उपटल्या. तिच्या सुपातलं मूठभर भात मागून घेतलं आणि त्या जागेत पेरायला वाकले.

"दाट नको गो," मावशी मागून म्हणाली. "मूठ सैल सोड."