खऱ्या कोळ्याचं दार

मढच्या कोळीवाड्यात रामनाथचं दार सगळ्यांना ठाऊक होतं. बापाची होडी मोडीत काढली तेव्हा तिच्या धड राहिलेल्या सागवानी फळ्यांचं हे दार झालं, आणि गेली एकतीस वर्षं दर मे महिन्यात, पावसाआधी, रामनाथ त्याला माशाचं तेल पाजत आला होता. तेलाचा वास आठ दिवस गल्लीत ठाण मांडून बसायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. लावू देत! ज्याच्या दारचं लाकूड पांढरं पडलं तो कोळी आळशी, हे रामनाथचं सरळ गणित होतं, आणि अर्ध्या वाड्याला ते त्याने तोंडावर ऐकवलंही होतं.

तोच रामनाथ पाच दिवसांनी समुद्रावरून परतला आणि आपल्याच घरासमोर थबकला. दार राखाडी झालं होतं. फळ्यांवर ओढलेल्या खोट्या भेगा, कडेला खोटी बुरशी, खाली हिरवट रंगाचे ओघळ.

"कमळ!" तो असा ओरडला की शेजारची सोनूबाई वाळत घातलेले बोंबील टाकून धावत आली.

कमळ, त्याची बायको, बाहेर आली. बाजारात माशांची पाटी घेऊन बसणारी ही बाई कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण आज तिचा आवाज खाली होता.

"शूटिंगवाले आले होते. बोलले, दार रंगवून देतो. मी हो बोलले."

"याला रंगवणं म्हणतात? डोळे फुटले होते काय तुझे?"

तेलकट लाकडावर रंग धरेना, म्हणून त्या लोकांनी आधी कसलंसं औषध फासून तेल उतरवलं होतं आणि मग तारेच्या ब्रशने फळ्या खरवडल्या होत्या. एकतीस वर्षांचं तेल एका दुपारी गेलं. रामनाथ त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पॉलिशपेपर घेऊन दाराशी उभा राहिला. कमळने चहा ठेवला, तो निवून साय धरेपर्यंत त्याने त्याच्याकडे बघितलं नाही. दार उतरवून आडवं घातलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण त्याला दोन माणसं लागतात, आणि मदतीला हाक मारणं रामनाथच्या रक्तात नव्हतं. घासताना तो कमळला, शूटिंगवाल्यांना, त्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होता. राखाडी भुकटी त्याच्या मिशांवर बसत होती.

दहाच्या सुमाराला गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक पोरगेला माणूस धावत आला. देवव्रत. दार रंगवणाऱ्यांचा मुकादम हाच.

"काका, काका, थांबा! अजून दोन सीन बाकी आहेत. दार तसंच दिसायला पाहिजे ना!"

"माझ्या दाराची वाट लावलीस आणि वर मलाच थांबवतोस?"

"वाट कुठे लावली, काका? उलट आता एकदम खऱ्या कोळ्याचं दार वाटतंय."

रामनाथच्या कानशिलावरची शीर तटतटली. "खऱ्या कोळ्याचं? मग मी कोण रे? चाळीस वर्षं जाळी ओढली ती काय नाटकात? कोळी म्हटला की त्याचं दार सडकंच पाहिजे, असं कोणी शिकवलं तुला? एवढा वाडा पडलाय, माझंच दार सापडलं?"

देवव्रत दोन पावलं मागे सरला. घाबरला होता म्हणून खरं बोलून गेला.

"तुमच्याच दाराला आधीपासून तसा लुक होता, काका. तो वरचा उजवा कोपरा. पांढरा पडलेला, बुरशी धरलेली. तो बघूनच सरांनी घर निवडलं. बाकीचं आम्ही फक्त त्याला जुळवून घेतलं."

रामनाथने मान वर केली.

दोन वर्षांपूर्वी याच दाराला तेल लावताना तो स्टुलावरून पडला होता. तेव्हापासून बोटीवर चढायचा, पण स्टुलावर पाय ठेवत नव्हता. हात पोचेल तेवढंच तेल लागत होतं. वर बघायचंच नाही, म्हणजे काही राहिलं नाही, असं त्याने स्वतःला शिकवलं होतं. दिसत सगळ्यांना होतं. आजही बघायला येऊन उभ्या राहिलेल्या सोनूबाईला एकदम आपल्या बोंबलांची आठवण झाली आणि ती सटकली.

"मला वाटलं, वरपर्यंत रंगवतील," कमळ आतून म्हणाली. "म्हणजे कोणाला स्टुलावर चढायला नको."

"निघ इथून," रामनाथ देवव्रतला म्हणाला. "तुझे सीन दुसऱ्याच्या दारात कर." पण आवाजातली धार गेली होती. राग तेवढाच होता. फक्त आता तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस रामनाथ स्वतःच होता, आणि स्वतःला शिव्या घालणं त्याला जमत नव्हतं.

कमळने स्टूल आणलं, लुगडं खोचलं आणि काही न विचारता वर चढली. रामनाथने तेलाचा डबा आणि फडकं तिच्या हातात दिलं. मग खाली वाकून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"कोपऱ्यापासून सुरू कर," तो म्हणाला. कालपासून शिव्या सोडून तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.