भिंतीचा फोटो

“बाजूला सरा, उजेड येऊ द्या,” असं सर कुणालाही म्हणत. घरमालकालाही, त्याच्याच दारात उभं राहून. मग खिशातला रुमाल काढून दाराची कडी पुसत, तिच्यावर हलकी फुंकर मारत आणि गुडघे टेकून कॅमेरा डोळ्याला लावत. पन्नाशी ओलांडलेला माणूस उंबऱ्यापुढं असा बसलेला पाहून म्हाताऱ्या बायका पदराआड हसायच्या.

सर माजलगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मी आमच्या गावची अंगणवाडीची बाई. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. अशा सामसूम गावात एका रविवारी ते स्कूटरवरून आले. जुनी दारं, कोनाडे, खुंट्या यांचे फोटो काढायचेत, कुणीतरी ओळखीचं सोबत द्या, म्हणाले. अनोळख्याला दार कोण उघडणार? मी सोबत गेले.

तुम्हीही एखादा असा माणूस पाहिला असेल, जो आपल्याच गावातून आपल्याला पाहुण्यासारखं फिरवून आणतो. मारुतीच्या पारामागच्या घराच्या चौकटीवर कमळ कोरलेलं आहे, हे मला अठरा वर्षं त्याच वाटेनं जाऊनही माहीत नव्हतं. सरांनी माझं बोट धरल्यासारखं एकेक पाकळी मोजून दाखवली. अंगणवाडीच्या पोरांना ते रंगीत खडू आणायचे. कुणाच्याही घरी जमिनीवर बसून ठेचा-भाकरी खायचे. माझ्याशी असं कुणी पूर्वी बोललं नव्हतं. मी रविवारची वाट पाहू लागले होते.

पारावरच्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सरकारी घरकुलासाठी फोटो काढताय का? सर नुसते हसले. शिक्षकाला मतदारयादीपासून जनगणनेपर्यंत कुठलंही काम लागतं, हे गावाला ठाऊक. दुपारपर्यंत पडक्या घरांचे फोटो निघतायत अशी बातमी घरोघर पोचली. लोक बोलावून नेऊ लागले. ते भेगा दाखवायचे, सर चौकटी बघायचे.

गयामावशी एकटीच होती, लेक आणि सून तोडीवर. तिचं दार गावात सगळ्यांत देखणं. पितळी फुल्या, जाड साखळी, वर कोरलेले दोन पोपट. सर तिथं तासभर रमले. मावशी मात्र त्यांना मागच्या बाजूला ओढत होती. तिथली भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती.

“दाराचं काय घेतो सायबा, भितीचा घे की. माती पडती अंगावर. लई भ्या वाटतं.”

सरांनी कॅमेरा भिंतीकडं वळवला, दोनदा बटण दाबलं. मावशीनं त्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

परतताना मी त्यांना सरळ विचारलं, हे घरकुलासाठीच आहे ना? ते कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत होते.

“सगळं वर जातं, बाई,” ते म्हणाले.

मी तेच घरोघर सांगितलं. माघात ग्रामपंचायतीनं दवंडी दिली, घरकुलासाठी नावं द्या. मावशी मला विचारायला आली. तुमचं झालंय, फोटो निघालाय, असं मी तिला सांगितलं. ग्रामसेवकाला एकदा विचारायला हवं होतं. सरांवर विश्वास होता, म्हणून विचारलं नाही. आम्ही ज्या घरांत फिरलो त्यातलं कुणीच पंचायतीत गेलं नाही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परतली आणि यादी लागली. आम्ही फिरलेल्या एकाही घराचं नाव तिच्यात नव्हतं. मावशीचा लेक अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. तो ओरडला नाही. तुमी सांगितलं म्हणून आई गेली न्हाई, एवढंच म्हणाला.

मी माजलगावला गेले. शाळेच्या हॉलमध्ये सरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. आमचं गाव भिंतभर टांगलेलं. कमळ, खुंट्या, कोनाड्यातली काजळी. मावशीचं दार तर माणसाएवढं मोठं केलेलं. लोक त्याच्यापुढं थांबत होते. सर आनंदानं पुढं आले, चहा सांगू लागले. मी सगळे फोटो दोनदा पाहिले.

“भिंतीचा कुठाय?”

त्यांना आठवायला वेळ लागला. तो ठेवला नाही, म्हणाले. तिच्यात घेण्यासारखं काही नव्हतं.

“वर जातं म्हणाला होतात.”

“गेलंच की. इंटरनेटवर टाकले. लांबलांबच्या लोकांनी पाहिले.” मग त्यांचा आवाज खाली आला. “खरं सांगितलं असतं तर दारं उघडली असती का, बाई?”

उघडली असती. मला आजही तसंच वाटतं. निदान गयामावशीनं तरी उघडलं असतं. मी चहा न घेता निघाले. सर त्यानंतर गावात आले नाहीत.

श्रावणाच्या झडीत मावशीची भिंत बसली. ती ओसरीवर निजली होती म्हणून वाचली. आता पत्र्याच्या शेडमध्ये राहते. पुढच्या वर्षी नव्यानं नावं घ्यायचं काम खरोखर माझ्याकडं आलं. मी मोबाइल हातात घेऊन तिच्यापुढं उभी राहिले, तर तिनं पदर तोंडावर ओढला. कागद दाखव आधी, म्हणाली. माझ्या हातचा चहा पिणारी बाई. कागदही तिनं लेकाकडून वाचून घेतला.

सर मला नंतर एकदाच दिसले, माजलगावच्या स्टँडवर. केस पांढरे झाले होते, कॅमेरा गळ्यात होता. गर्दीतून वाट काढत जवळ आले. मावशीची भिंत पडल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. फार वाईट झालं, म्हणाले, आणि खरंच त्यांचे डोळे भरले होते. थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं,

“दार नीट आहे ना?”

दार शाबूत होतं. भिंत गेली तरी चौकटीसकट उभं होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. गाडी लागली होती, मी जाऊन बसले.