सोंग उठवायचं राहिलं

पेडगावचे व्यंकटराव कशालाही नावं ठेवत. मारुतीच्या पारावर त्यांनी आयुष्यभर सोंगी भजन, म्हणजे देवा-दैत्यांची सोंगं घेऊन गायचं भजन, चालवलं. बाकीची करमणूक त्यांच्या लेखी पोरखेळ. मी त्यांच्या मागे टाळ धरायचो. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही, पण लिहिणारा दुसरा कोणी उरलेला नाही.

त्यांचा एक नियम होता. भजनात एखादं सोंग मेलं, की आरती म्हणून, अंगारा लावून, हाताला धरून त्याला उठवायचं. तोवर कोणी घरी जायचं नाही. मेलेलं सोंग तसंच टाकलं तर ते त्या माणसाला भोवतं, अशी आमच्याकडे समजूत. एकदा ऐन दैत्याच्या मरणाला वावटळ आली आणि सगळे पळाले. दैत्य झालेला मुंजाजी घरी भाकर खात बसला होता. व्यंकटरावांनी त्याला ताटावरून उठवून पारावर आणलं, पुन्हा आडवं केलं आणि रीतसर उठवलं.

त्यांचा धाकटा मुलगा नागनाथ परभणीला कॉलेजात होता. अठ्ठ्याऐंशी साली तिथल्या मुलांनी परदेशात गाजलेलं एक ‘रॉक म्युझिकल’ मराठीत बसवलं. नागनाथ त्यात मुख्य. पुण्याची एक नाटक मंडळी हाच खेळ गावोगाव करायला त्याला आणि ड्रमवाल्याला वर्षभर बरोबर न्यायला तयार होती, पण बापाच्या परवानगीशिवाय नागनाथ जाणार नव्हता.

“आबा, एकदा बघा. मग न्हाई म्हणा.”

“न्हाई तर आत्ताच म्हणतो. तिथवर येऊन कशाला म्हणू?” असं म्हणाले, आणि शनिवारी धुतलेलं धोतर नेसून एस.टी.त माझ्या शेजारी येऊन बसले.

मंडपात कपाटाएवढे स्पीकर, गिटारी, लालनिळे दिवे. पडदा वर गेला आणि धूर आला.

“दत्तराव, भट्टी लावली का काय?” त्यांनी मला विचारलं.

मग आवाज सुरू झाला तो थेट पोटात. ड्रमवाला दोन्ही हातांनी बडवत होता.

“ह्यो वाजवायलाय का मिरच्या कुटायलाय?” व्यंकटराव मोठ्यानं म्हणाले. पुढच्या मुली वळून बघू लागल्या. खरं तर मलाही तो गोंगाटच वाटत होता. शब्द मराठी होते म्हणे. एक ओळ गायची, उडी मारायची, केस झटकायचे.

“मुंग्या डसल्यात गड्यांना.”

नागनाथ फाटकी निळी पँट घालून आला. सदऱ्याची बटणं बेंबीपर्यंत उघडी.

“नवी पँट घेऊन दिल्ती, ती कुठं गेली?”

तो राजाविरुद्ध गाणारा तरुण होता. शेवटी शिपायांनी गोळी घातली आणि तो पडला. पडदा पडला, टाळ्या झाल्या, पडदा पुन्हा उघडला. सगळे नट हातात हात घालून वाकले. नागनाथ तेवढा तसाच पडून होता. नाटकात तसंच बसवलं होतं. लोक उठू लागले.

“अरे, उठवा त्याला!” व्यंकटराव ओरडले. कोणी हललं नाही. ते तरातरा स्टेजवर चढले. मीही मागोमाग.

“आबा, नाटक संपलंय,” नागनाथ डोळे मिटूनच पुटपुटला.

“गप. मेलेलं माणूस बोलत नसतंय.”

त्यांनी आरती सुरू केली. मी टाळ्यांचा ठेका धरला. मंडपात हशा, शिट्ट्या. हेही नाटकातलंच समजून ड्रमवाल्यानं साथ धरली.

“हळू, मर्दा!” व्यंकटराव त्याच्यावर खेकसले. तो हळू झाला.

नागनाथला लाजून पळता आलं असतं. आरती संपेपर्यंत तो हलला नाही. बापानं खिशातली पुडी सोडून कपाळाला अंगारा लावला, हाताला धरलं, तेव्हाच उठला आणि पाया पडला.

स्टँडवर त्यानं हळूच विचारलं, “मग जाऊ का?”

“धूर काय, उड्या काय. लय भिकार खेळ. आमच्या पारावर लोकांनी चपला फेकल्या असत्या.” गाडी लागली तरी ते चढेनात. “ह्यात रोज मरायचं का?”

“रोज.”

“अन् उठवणार कोण?”

“ड्रमवाला रंगनाथ उठवील. त्यानं चाल धरली की.”

“त्याला आरती येती का?”

“न्हाई.”

“उद्या पेडगावला घेऊन ये त्याला. पाठ झाली की जा दोघं.” पायरीवरून ते पुन्हा वळले. “अन् ती बडवायची भांडी तिकडंच ठेवून ये म्हणावं.”